प्लॅनेट अर्थ टू मामांच्या शेजारी बसून बघितलं, चित्राला पैकीच्या पैकी, आवाजाचं मात्र बोलायला पाहिजे

मामांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते आठ दिवस आमच्याकडं कोल्हापुरात राजारामपुरीत राहायला आले, म्हणून हा रिव्ह्यू लिहायची वेळ आली. नाहीतर बीबीसीची ही जनावरांची सिरीज २०१६ ची, मी दोनदा बघितलेली, त्यावर आता नवीन काय लिहिणार. मामा राधानगरीच्या अलीकडचे, घरात चार म्हशी, नाचणीचं आणि उसाचं थोडं रान, आणि रानाच्या वरच्या अंगाला जंगल. डॉक्टरांनी सांगितलेलं की धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, म्हशीच्या जवळ तर अजिबात नाही, टीव्ही बघितला तर हरकत नाही. आता ज्या माणसानं पासष्ट वर्षं म्हशीशिवाय सकाळ काढली नाही त्याला सोफ्यावर बसवायचं म्हणजे काय खायचं काम नाही. पहिल्या दिवशी बातम्या लावल्या, अर्ध्या तासात म्हणाले, "ही माणसं सारखी भांडालीत का रं?" मग सिरीयल लावली, तिथंही भांडणंच. शेवटी पोरीनं, आठवीत आहे ती, रिमोट घेतला आणि म्हणाली आजोबांना जनावरं दाखवू.

आमच्याकडं ४३ इंची फोर-के टीव्ही आहे, मागच्या दिवाळीला घेतलेला. सिरीज ओटीटीवर बघितली. सहा एपिसोड आहेत, बेटं, डोंगर, जंगल, वाळवंट, गवताळ रान आणि शेवटचा शहरांचा. निवेदन डेव्हिड अॅटनबरोंचं, ज्यांचा जन्म १९२६ चा, म्हणजे ही सिरीज आली तेव्हा गडी नव्वदीचा होता. पोरीनं हे सांगितल्यावर मामांनी टीव्हीकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "आणि मला म्हशीला पाणी पाजू देत न्हाईत."

आधी माझं थोडं सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूनं बोलतोय ते कळेल. आमच्या पिढीनं दूरदर्शनवर गिरीश कर्नाडांचं टर्निंग पॉइंट बघितलंय, मग १९९५ ला डिस्कव्हरी आलं आणि केबलवाल्यानं ते दिल्यावर गल्लीतली सगळी पोरं ज्याच्या घरात केबल त्याच्या घरात. त्यानंतर स्टीव्ह अर्विन, खाकी चड्डी घालून मगरीवर झेप घेणारा. २००६ च्या सप्टेंबरात स्टिंगरेचा काटा छातीत लागून तो गेला तेव्हा आमच्या ऑफिसात दोघंतिघं खरोखर गप्प बसलेले. तर मी ह्या प्रोग्रॅमांचा जुना गिऱ्हाईक आहे, दुष्मन नाही. पण मधल्या काळात हिंदीत डब केलेले जंगलाचे जे प्रोग्रॅम यायला लागले, मी नाव कुणाचं घेत नाही, त्यात प्रत्येक सापाला खलनायकाचा आवाज आणि प्रत्येक हरणामागं मौत का साया. दहा मिनिटात कान बधिर होतात. त्यामानानं ही सिरीज म्हणजे सोनं, असं माझं मत होतं. मामांनी ते पहिल्याच संध्याकाळी निम्म्यावर आणलं.

पहिला एपिसोड बेटांचा. त्यातला इग्वानाचा, म्हणजे मोठ्या सरड्यासारख्या प्राण्याचा, सीन सगळ्या जगानं मोबाईलवर बघितलाय. गॅलापागोसमधलं फर्नांडिना बेट, वाळूतनं नुकतंच बाहेर आलेलं समुद्री इग्वानाचं पिल्लू, आणि खडकाच्या फटीफटीतनं बाहेर पडणारे रेसर साप. पिल्लाला समुद्राकडच्या खडकांवर जायचंय, जिथं मोठी इग्वाना बसलेत. सापांची नजर काही फार चांगली नाही, पण हललेलं त्यांना लगेच कळतं, म्हणून पिल्लू दगडासारखं गप्प बसलं तर साप अंगावरनं गेला तरी पत्ता लागत नाही. आणि पळालं की मग पळालंच. मी तिसऱ्यांदा बघत होतो तरी हात घट्ट धरलेले. मामा काळा गॉगल लावून पुढं सरकून बसलेले. पिल्लू सुटलं, आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला, आणि मामा म्हणाले, "सगळं बेस हाय. पण ह्यो ढोल कोण बडवालंय तितं?"

पोरगी हसायला लागली. म्हणाली आजोबा ते म्युझिक आहे. तर म्हणाले, "म्युझिक हाय ते कळतंय की मला. पण त्या पिल्लाला साप यायच्या आदी कळालं न्हाई आनि मला ढोलावरनं कळालं. मग मजा काय ऱ्हायली?"

बघा, हे मी तीनदा बघून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ह्या सिरीजचं थीम म्युझिक हॉलिवूडच्या पिक्चरना म्युझिक देणाऱ्या हॅन्स झिमरचं आहे, म्हणजे साधासुधा माणूस नाही, आणि ऐकायला ते भारीच आहे. पण मामांचा मुद्दा बरोबर आहे, रानात धोका ढोल वाजवत येत नाही. तो न वाजवता येतो म्हणूनच धोका.

दुसऱ्या दिवशी गवताळ रानाचा एपिसोड लावला, कारण त्यात म्हशी आहेत. आफ्रिकेतल्या ओकावांगोमधल्या, पुराच्या पाण्यात उभ्या, आणि मागं सिंह. आता आफ्रिकन म्हैस आणि आपली म्हैस ह्या नात्यानं लांबच्या, आपली बुबॅलस आणि ती सिंसेरस, आपली माणसाळली आणि ती आजपर्यंत कुणाला माणसाळवता आलेली नाही. पण मामांना म्हैस ती म्हैस. तोंड उघडून बघत होते, मधेच "हिला गाभ हाय" असं काहीतरी. आणि मग सिंह म्हशीला भिडला तिथं त्यांनी मला हात लावून थांबवलं. म्हणाले, "म्हस त्या बांधाला, आवाज माझ्या कानाला. असं कुटं असतंय?"

झालं. मला गूगल करायला लागलं. आणि जे कळलं ते सांगायलाच पाहिजे, कारण टीव्हीवर जनावरं बघणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहिती नसतं, मलाही अर्धवटच होतं. हे लोक जनावरापासून लांब उभं राहून मोठ्या लेन्सनं शूट करतात. लेन्सला लांबचं जवळ आणता येतं, माइकला नाही. माइकमध्ये येतो वारा, कॅमेरामनचा श्वास आणि गाडीतल्या कुणाचा तरी खोकला. स्लो मोशनच्या शॉटला तर आवाज नसतोच, आणि ड्रोनच्या शॉटला असतो तो ड्रोनचाच. त्यामुळं नंतर स्टुडिओत माणसं बसून खुरांचे, पंखांचे, चावण्याचे आवाज तयार करतात, त्याला फोली म्हणतात. बर्फात चालणाऱ्या पांढऱ्या अस्वलाच्या पावलांचा जो करकर आवाज येतो, तो बायकांच्या लांब पायमोज्यात कस्टर्ड पावडर भरून ती दाबून काढतात. कस्टर्ड पावडर! आमच्या हिनं लगेच किचनमधली पिशवी आणून दाबून बघितली आणि खरंच, हुबेहूब. म्हणजे मामांनी ऑपरेशन डोळ्याचं केलेलं आणि चूक कानानं पकडली.

पिक्चरमध्ये नाही का, ढिशूम कुठं खरा असतो, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण पिक्चर हा पिक्चर आहे म्हणून आपण बघतो, आणि हे खरं आहे म्हणून बघतो. आणि मग ही रेघ कुठं मारायची हा प्रश्न येतोच. ह्याच लोकांच्या २०११ च्या फ्रोझन प्लॅनेटमध्ये पांढऱ्या अस्वलाची नुकती जन्मलेली पिल्लं बर्फाच्या गुहेत दाखवलेली, ती खरं म्हणजे नेदरलँड्समधल्या प्राणीसंग्रहालयात शूट केलेली होती. केवढा गदारोळ झाला त्यावर. माझं मत विचाराल तर त्यात काही पाप नाही, रानातल्या गुहेत कॅमेरा घातला असता तर आई पिल्लं टाकून गेली असती किंवा कॅमेरामनला फाडला असता, फक्त तिथल्या तिथं सांगा की बाबा हे इथलं नाही. इग्वानाचंही तसंच आहे. तो सीन वेगवेगळ्या पिल्लांचे शॉट जोडून केलाय हे बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलंय. पोरगी मात्र हे ऐकून नाराज झाली, म्हणजे ते आमचं वाचलेलं पिल्लू ते कुठलं?

पण ह्या धंद्यात खरं पाप कशाला म्हणतात त्याचंही उदाहरण आहे. डिस्नेनं १९५८ ला आर्क्टिकवरची एक डॉक्युमेंटरी काढली, व्हाइट विल्डरनेस, तिला ऑस्करही मिळालं. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरनं स्वतःहून उड्या मारून सामूहिक आत्महत्या करताना दाखवले. जगातल्या दोन पिढ्यांना ते खरं वाटलं, आजही भाषणात लोक लेमिंगचा दाखला देतात. प्रत्यक्षात कॅनडातल्या अल्बर्टात, जिथं समुद्रही नाही, तिथं लेमिंग विकत आणून, फिरत्या चकतीवर ठेवून त्यांची गर्दी दाखवली आणि मग त्यांना कड्यावरनं ढकललं. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. त्यांची संख्या दर काही वर्षांनी भयंकर वाढते, मग खायला पुरत नाही म्हणून ते जागा सोडतात, त्यात काही बुडून मरतात, एवढंच. आणि योगायोग बघा, त्याच १९५८ साली आपल्याकडं, मामांच्याच भागात, दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी राखीव झालं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. तिकडं उंदीर ढकलत होते आणि इकडं गवे राखत होते, असं मी जरा कॉलर टाइट करून पोरीला सांगितलं. मामा म्हणाले राखलं ते बरं केलं पण माझा ऊस कोण राखणार.

असो. तर दुसऱ्या रात्रीपासनं आमच्या घरात ठरलं की आवाज बंद. मी अंदाजानं सांगतो, ही सिरीज म्यूटवर बघितली तर निदान दीडपट जास्त दिसते. कारण म्युझिक तुम्हाला सांगत असतं की आता इथं बघा, आता घाबरा, आता हसा. ते गेलं की तुम्ही स्वतः बघायला लागता. आणि शेजारी जर जनावरातला माणूस बसलेला असेल तर मग विषयच संपला.

उदाहरण देतो. शहरांच्या एपिसोडमध्ये जोधपूरची वानरं आहेत, गच्चीवरनं गच्चीवर उड्या मारणारी, हनुमानाची म्हणून लोक खाऊ घालतात ती. मी उड्या बघत होतो. मामा म्हणाले, "ह्यांची शेपटी उलटी हाय." मी म्हटलं उलटी म्हणजे? तर म्हणाले, आपल्या रानातलं वानर चालताना शेपटी मागं टाकतंय, हे डोक्यावर घेऊन चाललंय. रिवाइंड केलं. खरंच, शेपटी पाठीवरनं पुढं डोक्याकडं कमानीसारखी आलेली. शोधलं तर हे अभ्यासकांनी लिहून ठेवलेलं आहे, साधारण तापी-गोदावरीच्या वरची वानरं शेपटी डोक्याकडं वळवतात आणि खालची मागच्या बाजूला सोडतात. दोन-तीनदा पुढं-मागं करून बघितलं आम्ही. हे निवेदनात नाही, पडद्यावर कुठं लिहून येत नाही, पण चित्रात आहे. आणि एवढं बारकं दिसण्यासारखं चित्र काढणाऱ्यांना माझा मुजरा. पैकीच्या पैकी म्हणतो ते ह्यासाठी.

त्यात मामांचा नवा डोळा. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातली भिंग पिवळट-धुरकट होते, त्यातनं निळा रंग गाळला जातो, आणि ती काढून स्वच्छ भिंग बसवली की सगळं अचानक निळं आणि लख्ख दिसायला लागतं. मामा एक डोळा झाकून बघायचे, मग दुसरा झाकून. म्हणाले, "ह्या डोळ्यानं समुद्र निळा हाय, त्या डोळ्यानं चहागत हाय." डोंगरांचा एपिसोड त्यांनी अर्धा असाच बघितला, आलटून पालटून. लडाखमधला बर्फातला बिबट्या उजव्या डोळ्याला दिसलाच नाही म्हणाले, दगडच दिसले. तो तसा माझ्या दोन्ही डोळ्यांनाही आधी दिसत नाही म्हणा.

आता म्यूटचा तोटा. निवेदन गेलं की चित्राचा अर्थ जातो. वाळवंटाच्या एपिसोडमध्ये आफ्रिकेतल्या नामिबमधला सँडग्राउस नावाचा पक्षी आहे, आपल्याकडच्या माळावरच्या पखुर्डीचा भाऊबंद. नर पाण्यावर येतो, पोट पाण्यात बुडवून बसतो आणि उडून जातो. नुसतं बघितलं तर वाटेल आंघोळ करतोय. खरं काम वेगळंच आहे. त्याच्या पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू पीळ दिल्यासारखे असतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात, साधारण २५ मिली, म्हणजे औषधाच्या बाटलीची दोन-अडीच झाकणं. एवढं घेऊन तो कित्येक किलोमीटर उडत घरट्याशी जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी पितात. हे आधी १८९६ साली एका इंग्रज माणसानं पाळलेल्या पक्ष्यांत बघून लिहिलं तर लोकांनी विश्वास ठेवला नाही, पुढं १९६७ ला मोजमाप झालं तेव्हा मान्य केलं. आता हे कळल्याशिवाय त्या सीनला काय अर्थ?

म्हणून मग आमची पोरगी बसली इंग्लिश सबटायटल वाचून मराठीत सांगायला. पहिल्यांदा शाळेच्या भाषेत, "हा पक्षी आपल्या पिलांसाठी जल वाहून नेतो". मामांनी एक नजर टाकली. मग दहा मिनिटात गाडी रुळावर आली. "आजोबा, ह्यो बाप हाय, पोटाला पाणी लावून चाललाय, वर ससाणा टपून बसलाय बघा." मधेच स्वतःचं घालायची, "हिला काय पटालंय असं वाटत न्हाई." काच-बेडूक नावाचा एक नर आहे, नखाएवढा, पारदर्शक अंगाचा, तो पानावरच्या अंड्यांची राखण करतो आणि गांधीलमाश्या आल्या की त्यांना लाथा मारतो. त्या सीनला आमच्या घरात जी कॉमेंट्री झाली ती मी इथं लिहू शकत नाही पण खासबागेतल्या कुस्तीला शोभली असती. काटा किर्रर्र. मी मनापासून सांगतो, अॅटनबरोंचा आवाज जगात भारी आहे, पण माझ्या मामांसाठी ती कॉमेंट्री त्याच्यापेक्षा भारी होती.

आणि इथं माझी खरी तक्रार येते. आम्ही बघितलं तिथं भाषेच्या लिस्टमध्ये मराठी नव्हतं. बारा-तेरा कोटी लोकांचं राज्य आमचं, आणि गव्याच्या गावच्या माणसाला गव्याच्या भावकीची गोष्ट ऐकायला नात लागते. शब्द नाहीत म्हणावं तर तेही नाही. मारुती चितमपल्लींनी जन्मभर रानातले शब्द गोळा केले, नवे घडवले, बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. किती सुंदर शब्द आहेत. मामांसारख्यांकडं तर अजून पोतंभर. त्यांच्याकडं बिबट्याला वाघरू, गव्याच्या पायाला मोजं. कुणीतरी एकदा असं मराठी डबिंग करावं, आणि कृपा करून पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतल्या बातम्या-छाप आवाजात नको.

म्यूट कुठं चालत नाही तेही सांगतो, म्हणजे मी खुळ्यासारखं एकच टुमणं लावलंय असं नको व्हायला. झावोदोव्स्की बेटावरची पेंग्विन. दक्षिण महासागरात, जिवंत ज्वालामुखी, आणि त्यावर पंधरा लाख चिनस्ट्रॅप पेंग्विन. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं, म्हणजे आपल्या पावणेतीन कोल्हापूर एवढी गर्दी, सगळ्यांचे कपडे सारखे. त्यात बाप समुद्रातनं पोटात खाणं भरून आलेला, त्याला त्याची बायको आणि पिल्लं शोधायची, कशी, तर आवाजावरनं. इथं आवाज हाच विषय आहे. पोरीनं लगेच व्हॉल्यूम वर केला आणि तो सगळा कालवा घरभर झाला. मामा म्हणाले जोतिबाच्या यात्रेत चुकलेलं पोरगं असंच सापडतंय, आई हाक मारती तवा शंभर पोरं वळत्यात पण आपलंच पळत येतंय. मादागास्करच्या इंद्री लेमूरचं, म्हणजे माकडाच्या भावकीतल्या प्राण्याचं, गाणंही आवाजासकटच ऐका. आणि डोंगरांच्या एपिसोडमधली अस्वलं, झाडाला पाठ घासून नाचल्यासारखी करणारी, तिथं लावलेलं म्युझिक मामांनाही चाललं. त्यांची एक म्हैस चिंचेला असंच घासते म्हणे आणि तिला म्युझिक लागत नाही, पण चालतंय.

शहरांच्या एपिसोडबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तो आपल्या जवळचा आहे. मुंबईचे बिबटे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, जेमतेम शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, चारी बाजूनं बिल्डिंगा, आणि जगात इतके दाटीनं बिबटे कुठंही नाहीत असं सांगतात. अंधारात उष्णतेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यानं शूट केलंय, बिबट्या पांढरा चमकणारा आणि बाकी सगळं राखाडी. तो डुकराच्या पिल्लांवर येतो. गल्लीत बाजूनं माणसं चाललेत, त्यांना गंधवार्ता नाही. आमच्या पोरीनं कॉमेंट्री थांबवली. मामा काही बोलले नाहीत बराच वेळ. मग म्हणाले आमच्याकडं कुत्रं दारात बांधत नाही आता, आत घेतो. एवढंच. त्यांच्यासाठी हा सीन आश्चर्याचा नव्हताच, तो त्यांच्या परड्यातला होता. मला वाटतं ह्या सिरीजची एक मर्यादा इथं दिसते. लांबच्या माणसाला ती वाहवा करायला लावते, पण ज्याच्या दारात जनावर येतं तो माणूस चित्रात कडेनं चालताना दिसतो आणि जातो. त्याला विचारलंय कुणी, असं दिसत नाही. हरारच्या तरसांच्या सीनमध्ये थोडं आहे, इथिओपियातलं ते गाव रात्री तरसांना वेशीतनं आत येऊ देतं, खाटकांनी टाकलेली हाडं खायला. तिथं माणूस आणि जनावर दोघंही दिसतात म्हणून तो सीन मला सगळ्यात आवडला, बिबट्यापेक्षाही.

जाताजाता, ह्या एपिसोडनंतर पोरीनं विचारलं कोल्हापुरात कधी असलं काय होतं का. तिला सांगितलं की आपल्या संस्थानात शिकारीचे चित्ते होते, डोळ्यावर टोपी घालून गाडीवरनं माळावर न्यायचे, काळवीट दिसलं की टोपी काढायची. इथले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतनं आणायचे. १९५२ ला सरकारनं देशातला चित्ता संपला म्हणून जाहीर केलं आणि २०२२ ला नामिबियातनं कुनोला आठ आणले तेव्हा बातम्यांत सगळं नवीन असल्यासारखं चाललेलं. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेली जनावरं ती दरवर्षी सहलीला बघते, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ह्यावर आपल्या भाषेत एक एपिसोड कुणी केला तर मी पैसे देऊन बघेन.

प्रत्येक एपिसोडच्या शेवटी दहा मिनिटं डायरीज म्हणून येतं, हे कसं शूट केलं ते. लोक तिथं बंद करून झोपायला जातात. करू नका. मामांना सगळ्यात जास्त तेच आवडलं. पेंग्विनच्या बेटावर उतरताना लाटेच्या तालावर बोटीतनं कड्यावर उडी मारणारी माणसं बघून ते पहिल्यांदा त्या लोकांबद्दल चांगलं बोलले. तोवर त्यांचं मत होतं की ही पगारी माणसं गाडीत बसून बघत असणार.

बाकी बारीकसारीक. टीव्हीत व्हिविड मोड असेल तर काढा, जंगल प्लास्टिकचं दिसतं. मोशन स्मूथिंग पण बंद करा, नाहीतर सिंह सिरीयलमधल्या सासूसारखा चालतो. फोर-के ला तासाला सहा-सात जीबी जातात, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बघायचा विचार असेल तर सोडून द्या, एचडीत बघा, तेही झकास दिसतं. लहान पोरांना दाखवायला हरकत नाही, रक्त फार दाखवत नाहीत, फक्त बार्बाडोसची कासवाची पिल्लं समुद्राऐवजी रस्त्यावरच्या दिव्यांकडं जातात तो सीन आहे, आमची आठवीतली असून रडली. शिकारी जरा जास्त आहेत, प्रत्येक एपिसोडला दोनतीन पाठलाग पाहिजेतच असा काही नियम असल्यासारखं, आणि चौथ्या दिवशी मामा पण "आला बघ पळायचा टाइम" म्हणायला लागले. झाडं जवळजवळ नाहीतच. किडे-मुंग्या कमी, टोळधाडीचा मादागास्करचा सीन सोडला तर.

स्टार द्यायचे तर चित्राला पाच, माहितीला चार, आवाजाला अडीच, त्यातला एक पेंग्विनसाठी. घ्या सबस्क्रिप्शन, एक महिन्याचं पुरतं. शक्य असेल तर गावाकडचा एखादा म्हातारा माणूस शेजारी बसवा.

मामा नवव्या दिवशी गेले. म्हशीजवळ अजून आठवडाभर जायचं नव्हतं, किती पाळलं देव जाणे. परवा रात्री साडेदहाला फोन आला, पोरीला दे म्हणाले. वर नाचणीच्या रानात गवे उतरलेत, मी माळ्यावर बसलोय, आता गप ऐक. तिनं स्पीकरवर टाकला. दोन-तीन मिनिटं नुसता वारा आणि रातकिडे, मग मामांचा दाबलेला खोकला, लांब कुठंतरी कुत्रं. रेंज गेली असं वाटून मी ठेवणार होतो तेवढ्यात एकदाच, फुर्रर्र. लांबून, बारीक, नीट ऐकल्याशिवाय कळणार नाही इतका. पोरगी फोनला कान लावून हलली नाही. आतनं आमची ही ओरडली, "काय गप्प बसलाय सगळी, टीव्ही बिघडला काय?"